पडद्याखालून धावणारी ओळ

बुरशी आलेली फ्लॉपी पुसल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नये, हे मला फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातल्यावर साधारण चार सेकंदांनी आठवलं. तसं मी ते वाचलेलं होतं. जुने संगणक जिवंत करायचा नाद असलेली माणसं जगभर आहेत, आणि त्यांनी ही सूचना इतक्या ठिकाणी, इतक्या काकुळतीने लिहून ठेवली आहे की ती न वाचणंच अवघड. शिवाय फ्लॉपीवर आनंदच्या अक्षरात चिठ्ठी होतीच: ‘मूळ प्रत. हात लावू नये.’ पण सगळं आयुष्य पुण्यात गेलेलं, त्यामुळे असल्या पाट्या वाचून पुढे जायची सवय. मी पत्र्याची सरकती झडप बाजूला करून आत डोकावलोसुद्धा. चष्मा कपाळावर होता. आतली तपकिरी चकती दिसली, तिच्यावरचे पांढरे ठिपके दिसले नाहीत.

ड्राइव्हने आधी ओळखीचा ‘टक्’ केला. मग खर्र. मग पुन्हा खर्र, आणि मग पाटीवर नख ओढावं तसा एक बारीक, लांबत गेलेला आवाज. फ्लॉपी बाहेर काढली, चष्मा डोळ्यांवर घेतला, तर चकतीवर एक गोल पारदर्शक कडं उमटलेलं. त्या कड्यातून पलीकडची खिडकी दिसत होती, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल दिसत होते. माळ्यावर तीसेक पावसाळे काढलेली वस्तू मी चार सेकंदांत संपवली.

‘काय झालं?’ हिने आतून विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हणालो.

आमचा संसार बराचसा या दोन वाक्यांवर चाललेला आहे.

निमित्त पीएलचं झालं. परीक्षेआधी अभ्यासासाठी मिळणाऱ्या सुट्टीला इंजिनिअरिंगची मुलं पीएल म्हणतात, आम्हीही म्हणायचो. एप्रिल लागला की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलं हातात कागद घेऊन येरझारा घालू लागतात. ओठ हलत असतात, समोरून आलेल्या माणसाला ओळख देत नाहीत. यंदा त्यांत माझी मुलगी आहे. ती तोंडाने पुटपुटत माझ्या खुर्चीमागून जाते आणि मला तीस वर्षांपूर्वीचा वास येतो. लोकांना एप्रिल म्हटलं की मोगरा आठवतो, कैरी आठवते. मला तापलेल्या मॉनिटरवर भाजणारी धूळ आठवते. खोलीत पंखा, पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून कागदांवर ठेवलेला वरवंटा, आणि उघड्या अंगाने बसलेली दोन पोरं. एकाची पाठ सरळ, दुसऱ्याची पडद्याकडे वाकलेली. सरळ पाठीचा मी.

डेमो म्हणजे काय हे मी हिला लग्नानंतर तीनदा समजावलं आहे. युरोपातल्या, त्यातही उत्तरेकडच्या थंड देशांतल्या पोरांनी काढलेला हा खेळ. तसा खेळही नाही, कारण त्यात आपण करायचं काहीच नसतं. चार-पाच मिनिटं पडद्यावर रंग वितळतात, एक ठोकळा हवेत गरगरतो, ज्वाळा उठतात, एखाद्या बोगद्यातून सुसाट निघाल्यासारखं वाटतं. सोबत संगीत चालू असतं आणि पडद्याच्या तळाला एक ओळ उजवीकडून डावीकडे धावत असते. संपलं. हे सगळं एका फ्लॉपीत मावलं पाहिजे आणि त्या मशीनला झेपणार नाही असं वाटणारं पाहिजे. ते झेपतं एवढं दाखवायचं.

‘पण उपयोग काय?’ हिने तिन्ही वेळा विचारलं.

‘उपयोग काही नाही, तीच त्यातली गंमत,’ मी तिन्ही वेळा सांगितलं, आणि तिन्ही वेळा ती पोळ्या लाटायला निघून गेली.

कॉलेजातल्या एका सिनियरचा भाऊ फिनलंडला होता. त्याने पाठवलेल्या पाच फ्लॉप्या हातोहात फिरत आमच्याकडे आल्या. पीएल नुकतीच लागलेली. बाहेर चाळीस डिग्री, आणि आम्ही दोघं घाम पुसत पडद्यावरची आग बघत बसलो. कुठल्या तरी बर्फाळ गावातल्या पोराने थंडीत हात चोळत ती आग पेटवली असणार. मी दोनदा ‘वा’ म्हणालो आणि पुस्तक उघडलं. आनंदने ती सात वेळा पाहिली. आठव्या वेळी मॉनिटरला नाक लागेल इतका जवळ गेला आणि म्हणाला, ‘विन्या, हे आपल्याला येईल.’

‘आपल्याला’ हा त्याचा मोठेपणा. आनंद खडकीचा. वडील दारूगोळा कारखान्यात कामाला, राहायला क्वार्टर्समध्ये. रोज सकाळी सायकल हाणत खडकीहून कर्वेनगरला यायचा, कारण मशीन आमच्याकडे होतं. मशीन आमचं आणि डोकं त्याचं. या भागीदारीत माझ्याकडे पंखा, थंड पाणी आणि वीज ही खाती होती. त्यातलं विजेचं खातंही गुरुवारी बंद. पुण्यात तेव्हा गुरुवारी दिवसभर लाइट नसायची. त्या दिवशी आनंद थंड फरशीवर पालथा पडून जर्नलच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने प्रोग्रॅम लिहायचा. आलेख कागदावर ठोकळ्याचे आठ कोपरे मांडायचा आणि एकेक कोपरा किती अंशांनी फिरला की कुठे जाईल ते हाताने काढायचा. मी शेजारी बसून परीक्षेचा अभ्यास करायचो. माझी पाठ सरळ असायची ती त्यामुळे.

सूर तर त्याने कशातून काढला ते सांगून खरं वाटत नाही. आमच्या मशीनला संगीताचं कार्ड नव्हतं. डब्याच्या आत रुपयाएवढा एक स्पीकर, आणि काही चुकलं की ‘पीं’ करणं एवढंच त्याचं काम. आनंदने तीन वेगवेगळे ‘पीं’ इतक्या झपाट्याने आलटून पालटून वाजवले की कानाला तिन्ही एकदम ऐकू येत. लय कोपऱ्यावरच्या रसवंतीची. चाकाला बांधलेले घुंगरू ऊस आत जाताना जड वाजतात आणि चिपाड बाहेर पडलं की हलके होतात, हे मला त्याने सांगेपर्यंत कधी ऐकू आलं नव्हतं. अजून ऊस दिसला की आधी मला तेच ऐकू येतं, तहान नंतर लागते.

एक चूक मात्र त्याने केली. वेळ मोजायची शहाणी रीत त्याला कुणी शिकवलेली नव्हती. ठोकळ्याने किती थांबायचं हे ठरवायला तो मशीनला उगाचच आकडे मोजत बसवायचा: एक ते चार हजार मोज, मग पुढचं चित्र. त्यामुळे तो डेमो आमच्या त्याच मशीनवर, पुढचं टर्बोचं बटण बंद ठेवूनच बरोबर चालायचा. बटण दाबलं की ठोकळा वेड लागल्यासारखा फिरायचा. दुसऱ्या मशीनवर काय होईल याचा आम्ही विचारच केला नाही. लॅबमध्येही असलीच मशीन होती, वेगळं मशीन आम्ही पाहिलं होतं कुठे?

खाली धावणारी ओळ माझी. त्या परदेशी डेमोंमध्ये रिवाज असा की तळाच्या ओळीतून जगभरच्या इतर मंडळींना नमस्कार पाठवायचे, अमक्या गावच्या तमक्या टोळीला राम राम. आम्हाला जगात कुणीच ओळखत नव्हतं. मग मी रोमन लिपीत मराठी लिहिलं आणि होते तेवढ्यांना नमस्कार पाठवले. रसवंतीवाल्या काकांना. लॅबच्या शिंदेमामांना, जे आम्ही आत असताना किल्ली विसरल्याचं नाटक करून बाहेर बसत. आनंदच्या आईच्या हातच्या वांग्याच्या भरताला. गुरुवारला. आणि शेवटी दोन ओळी: ही सगळी करामत खडकीच्या आनंदची, रंग त्याचे, सूर त्याचा, ठोकळा त्याचा, शब्द तेवढे विन्याचे. आनंदने ओळीचा वेग असा जुळवला की शेवटचा शब्द डावीकडे नाहीसा व्हायला आणि सूर थांबायला एकच गाठ.

परीक्षा झाली. मी पास झालो. आनंदचे इतके विषय राहिले की त्याला वर्ष सोडावं लागलं. ‘वायडी’ म्हणायचे त्याला, जणू एखादी पदवी. वडिलांनी आणखी एक वर्ष काढायला नकार दिला आणि कारखान्यात अप्रेंटिस म्हणून चिकटवलं. पुढे तो तिथेच वीज विभागात लागला, तिथेच मोठा झाला. त्याबद्दल त्याने मला कधी शब्दाने बोल लावला नाही. मला ते सोयीचं गेलं.

आता जे सांगतो ते तीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या जूनमध्ये मला भोसरीच्या एका कंपनीत मुलाखतीला बोलावलं. मार्कांच्या जोरावर मी तिथे फार तर चहा पिऊन परत आलो असतो. म्हणून डेमोची एक प्रत करून न्यायचं ठरवलं. मुलाखतीच्या सकाळी, शर्टाला इस्त्री करून झाल्यावर, मी त्या प्रतीतली ओळीची फाइल उघडली आणि शेवटच्या दोन ओळी काढून टाकल्या. म्हटलं, उगाच प्रश्न निघतील, कुणी किती केलं वगैरे. कंपनीच्या मशीनवर ठोकळा जरा जास्तच जोरात फिरला, पण तिघं साहेब वाकून बघत होते. एकाने विचारलं, ‘हे तुम्ही केलंत?’ मी म्हणालो, ‘सहा आठवडे लागले.’ लागलेच होते. त्या सबंध दिवसात मी खोटं असं एक वाक्य बोललो नाही की लिहिलं नाही. खरं होतं तेवढं काढलं, बस. नोकरी लागली. त्या नोकरीवर दुसरी, दुसरीवर हा फ्लॅट, आणि हिच्या वडिलांनी मला पसंत केलं तेही ‘मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हणून.

आनंदला काचबिंदू आहे. कळला तेव्हा उशीर झालेला होता; हा आजार दुखत नाही, खुपत नाही, काठाकाठाने नजर कुरतडत आत येतो. आता त्याला समोर एका नळकांड्यातून पाहावं तेवढं दिसतं. बाकी चहूकडे काळोख. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंब घालून जितके दिवस टिकेल तितके दिवस. मुदतीच्या आधी निवृत्ती घेऊन तो बोपोडीच्या दोन खोल्यांत असतो. बायको शाळेत शिकवते. मार्चमध्ये भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, ‘विन्या, तुझ्याकडे ते मशीन आहे का रे अजून?’

‘माळ्यावर आहे.’

‘आपला डेमो एकदा बघायचा होता. माझं असं तेवढंच एक आहे. बाकी आयुष्यभर दुसऱ्यांचे फ्यूज बदलले. आहे तोवर बघून घेतो.’

‘लॅपटॉपवर दाखवतो की. उद्या आणतो.’

‘बघ चालतोय का,’ तो म्हणाला, आणि हसला.

घरी येऊन पाहिलं. आपण जुनं मशीन आहोत असं सोंग आणणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर मिळतो, आणि फिनलंडचे डेमो त्यावर झकास चालतात. आमचा डेमो मी कुठे कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेला नव्हता. पण आनंदच्या त्या आकडे मोजण्याचं लॅपटॉपवर काय होणार ते मला आठवलं आणि त्याच्या हसण्याचा अर्थ लागला. सहा आठवड्यांचं काम शिंक येऊन जावी तसं होऊन गेलं असतं. वेग हाताने कमी करता येतो, पण नेमका किती? बरोबर वेग फक्त त्या डब्याला ठाऊक.

मग डबा माळ्यावरून काढला. आतली बॅटरी पाझरून बोर्डावर हिरवी बुरशी धरावी तसा खार धरला होता. तो व्हिनेगर लावून टूथब्रशने घासला. टूथब्रश मुलीचा निघाला.

‘बाबा, सिरियसली? माझी पीएल चालू आहे,’ ती म्हणाली. मला यात संबंध कळला नाही, पण तिचं एकूण म्हणणं कळलं.

मॉनिटर पिशवीत घालून तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नेला. दोन दुकानांनी हात जोडले. तिसऱ्यात एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी मागचं झाकण उघडून बराच वेळ आत पाहिलं.

‘दुरुस्त होईल का?’ मी विचारलं.

‘होईल. पण का?’

या प्रश्नाला मी उत्तर दिलं असतं तर दुकान बंद व्हायची वेळ झाली असती. चार सुटे भाग बदलले आणि पडदा उजळला. परतताना मला विनाकारण वाटत राहिलं की त्या अख्ख्या गल्लीत काय मिळत नाही: तीस वर्षांपूर्वीचा कॅपॅसिटर मिळतो, बंद पडलेल्या कंपनीचं बटण मिळतं. माणसाच्या डोळ्यामागे एक शीर असते म्हणतात, तेवढी कुठल्या डब्यात ठेवलेली नसते.

आणि मग फ्लॉपी. ती सुरुवातीलाच सांगितली.

मूळ प्रतीला ते कडं पडल्यावर माझ्याकडे एकच प्रत उरली. ती कुठे आहे हे मला शोधावं लागलं नाही. लोखंडी कपाटात, सर्टिफिकिटांच्या फाइलमध्ये, पहिल्या नोकरीच्या पत्राशेजारी, प्लास्टिकच्या पाकिटात, डांबराच्या गोळीच्या वासात. एक ठिपका नव्हता तिच्यावर. हिने दर दिवाळीला ते कपाट पुसलं आहे. ड्राइव्ह मी या वेळी स्पिरिटने साफ केला, फ्लॉपी दोनदा तपासली, आणि ती पहिल्या झटक्यात चालली. ठोकळा फिरला. सूर वाजला. तळाची ओळ गुरुवारला नमस्कार करून डावीकडे निघून गेली आणि मागे काळी पट्टी राहिली. सूर मात्र पुढे वाजत होता, एकटाच, वीस-बावीस सेकंद.

त्या दोन ओळी परत लिहिणं दोन मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, इतक्या जुन्या फ्लॉपीवर काही लिहायला जावं आणि तीही जावी. म्हटलं, दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घेता येईल, पण दुसरी फ्लॉपी आणायची कुठून. म्हटलं, आनंदला धावती अक्षरं आता वाचता येतातच कुठे. मार्ग तीन-चार होते. कारणं त्याहून जास्त होती. एवढा सगळा खटाटोप केलेला मी त्या दोन ओळींपाशी मात्र रोज संध्याकाळी बसायचो आणि रोज उठायचो. लिहायला घेतलं की आपण काय लिहितोय ते आपल्याला वाचावं लागतं.

शनिवारी दुपारी निघालो. ही स्वतःहून म्हणाली, ‘मी येते. तो मॉनिटर मांडीवर कोण घेणार?’ डबा मागच्या सीटवर, मॉनिटर तिच्या मांडीवर पदराखाली, बाळाला ऊन लागू नये तसा. रस्त्याला रसवंतीची चाकं होती, पण आता ती मोटरवर फिरतात. घुंगरू बांधलेले असतात, त्यांचा आवाज ऊस असो नसो एकसारखा येतो.

आनंदची बायको पेपरांच्या सुपरव्हिजनला गेली होती. दार त्यानेच उघडलं, एक हात भिंतीवर ठेवून.

‘ये. वहिनी आल्यात ना? बांगड्या ऐकू आल्या.’

‘आल्ये, भाऊजी. सरका जरा, मॉनिटर माझ्याकडे आहे.’

‘वहिनींच्या हातात मॉनिटर, मग विन्या, तू काय धरलंयस?’

‘मी सगळ्याची जबाबदारी घेतली आहे.’

‘मग वहिनी, तुम्ही सांभाळून,’ तो म्हणाला.

टेबलावर सगळं मांडलं, तारा जोडल्या. आनंद खुर्ची घेऊन मागे मागे सरकत गेला, पाठ भिंतीला लागेपर्यंत. ‘इथून मावतो,’ म्हणाला. ‘पुढे आलो की एक तुकडाच दिसतो. टीव्ही तर मला आता जिन्यातून बघावा लागेल.’ आधी फिनलंडचा एक डेमो लावला, मशीन गरम व्हायला म्हणून. त्यात तो बोगदा आला, गोल गोल कडी आत खेचत नेणारा.

‘हा बंद कर रे,’ आनंद म्हणाला. ‘हा मला चोवीस तास फुकट दिसतो.’

हिने माझ्याकडे पाहिलं. हसावं की नाही ते तिला कळेना. आनंदच आधी हसला.

मग आमचा लावला. टर्बोचं बटण बंद. पडदा काळा झाला आणि त्या काळोखातून ठोकळा वर आला. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, आनंदकडे पाहत होतो. त्याचे ओठ हलत होते. एक ते चार हजार मोजत असावा.

‘आता डावीकडे वळेल,’ तो म्हणाला, आणि ठोकळा डावीकडे वळला. ‘हां. इथे चार दिवस गेले होते. तू पन्हं आणलं होतंस आणि मी ते कीबोर्डवर सांडलं. विन्या, वेग बरोबर आहे. अगदी बरोबर आहे.’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘तुझी ओळ सुरू झाली ना? खाली काहीतरी मुंग्यांच्या रांगेसारखं चाललंय. अक्षरं लागत नाहीत. वाच.’

मी वाचायला लागलो. रसवंतीच्या काकांना नमस्कार. ‘गेले ते,’ आनंद म्हणाला. शिंदेमामांना नमस्कार. ‘तेही गेले.’ आईच्या भरताला. त्याने मान डोलावली. गुरुवारला नमस्कार म्हटल्यावर मात्र खुदकन हसला. आणि मग ओळ संपली. पडद्याच्या तळाला काळी पट्टी, वर ठोकळा फिरतोय, डब्यातून घुंगरांची लय येतेय.

मी थांबलो नाही. त्याच चालीत, अक्षरं धावतील तितक्याच वेगाने, मी पट्टीकडे बघत वाचलं: ‘ही सगळी करामत खडकीच्या आनंदची. रंग त्याचे, सूर त्याचा, ठोकळा त्याचा. शब्द तेवढे विन्याचे.’ माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. शेवटचा शब्द आणि शेवटचा ‘पीं’ एकदम थांबले, तीस वर्षांपूर्वी थांबत तसे. हिची खुर्ची माझ्या मागेच होती. बांगड्यांचा आवाज आला नाही.

आनंदने पालथ्या हाताने डोळे चोळले. हनुवटी खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली, जमिनीवर पडलेलं काही शोधावं तशी. मला वाटलं, भरून आलं असेल.

‘पुन्हा लावू?’ मी विचारलं.

‘नको. डोळे दमले.’ मग म्हणाला, ‘बरं झालं. बघून झालं.’

तारा सोडवल्या. डबा उचलून मी खाली गाडीत ठेवायला गेलो. दोन जिने, मध्ये एकदा टेकलो. परत वर आलो तेव्हा ही मॉनिटर छातीशी धरून दारात उभी होती आणि आनंद तिच्याशेजारी भिंतीला हात लावून.

गाडीत मला फार हलकं वाटत होतं. खडकी मागे पडेपर्यंत मी मशीनबद्दल बोलत राहिलो, मग एकदम सगळंच सांगून टाकलं: मुलाखत, इस्त्रीचा शर्ट, त्या दोन ओळी, पट्टीवर काही नसताना वाचलं ते. ‘तुला दिसलंच असेल,’ म्हणालो. ‘पण त्याला त्याचं नाव ऐकायला तर मिळालं. त्याच्यासाठी तेच खरं. आणि वाचता तर त्याला येतच नव्हतं.’ ही समोर बघत होती. विद्यापीठ चौकात सिग्नल लागला, पुढे गाड्यांची रांग, उन्हाने काच तापलेली. तिने मॉनिटरवरचा पदर सारखा केला.

‘तुम्ही खाली गेलात तेव्हा त्यांनी मला विचारलं,’ ती म्हणाली. ‘वहिनी, शेवटी विन्या वाचत होता तेव्हा खाली अक्षरं होती ना? तुम्ही इतकं ठासून वाचलेलं, मी तुम्हाला कशाला तोंडघशी पाडू. होती म्हटलं मी. तर ते म्हणाले, बरं. मला तिथे नुसता काळोख दिसला. म्हणजे आता खालचंही गेलं.’